दिवा दूरचा, राख दारची

कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि वाफेने चाक फिरवायचं... औष्णिक विजेची युक्ती एवढीच. १८८२पासून इंजिनियर मंडळी ती सुधारत आली आहेत. एका किलो कोळशातून निघणारी वीज कितीतरी पटींनी वाढली. पण या विजेचं एक बिल आपल्या घरी कधीच येत नाही. ते चंद्रपूर, कोराडी, परळीसारख्या गावांच्या दारात पडतं!

महिनाअखेरीस विजेचं बिल हातात पडतं आणि घरात चौकशी सुरू होते. गिझर कुणी चालू ठेवला? इस्त्रीचं बटण कोण बंद करायला विसरलं? आईचा रोख मुलांवर, मुलांचा टीव्हीवर आणि बाबांचा थेट सरकारवर. शेवटी आकडा भरला जातो आणि विषय संपतो.

आता त्याच बिलाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू या. समजा, चौकोनी कुटुंबाने महिन्याला २०० युनिट वीज वापरली आणि ती सगळी दगडी कोळशापासून तयार झाली. आपल्याकडच्या कोळशाचं एक युनिट वीज बनवायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे २०० युनिटना १४० किलो झाला. आपल्या देशी कोळशात राख फार, ३० ते ४५ टक्के. ती ३५ टक्के धरली, तरी १४० किलो कोळशामागे सुमारे ५० किलो राख उरते. सिमेंटचं भरलेलं पोतं असतं ना, बरोबर तेवढी!

दर महिन्याला एक पोतं राख, एका घराची. हे पोतं जर बिलासोबत आपल्या उंबरठ्यावर आणून ठेवलं असतं, तर? गिझरचं बटण नक्कीच लवकर बंद झालं असतं. पण ते पोतं आपल्याकडे येत नाही. ते शेकडो किलोमीटर दूर, कुणाच्या तरी शिवारालगत रिकामं होतं. औष्णिक विजेच्या प्रगतीची गोष्ट वाचताना हे पोतं ध्यानात ठेवायला हवं.

लंडनचा पूल, न्यूयॉर्कची गल्ली

गोष्ट सुरू होते १८८२ साली. त्या वर्षाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हॉलबर्न व्हायाडक्ट इथे एडिसनच्या कंपनीने कोळशावर चालणारं वीज केंद्र उभं केलं. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं केंद्र सुरू झालं. पहिल्या दिवशी तिथून पेटलेले दिवे चारशेच्या आसपास होते. आज एखाद्या मंगल कार्यालयात एका लग्नाला याहून जास्त दिवे लागतात!

त्या यंत्रांची भूक मात्र राक्षसी होती. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम अडीच-तीन टक्क्यांची वीज व्हायची, बाकी सगळी उष्णता वाया. एका युनिटला चार-पाच किलो कोळसा लागायचा. शिवाय वाफेचं इंजिन म्हणजे दट्ट्या पुढे-मागे करणारं धूड. त्याची धडधड इतकी, की शेजाऱ्यांची झोप उडावी.

हा दट्ट्या घालवला तो चार्ल्स पार्सन्स या इंजिनियरने. १८८४ साली त्याने वाफेचं टर्बाइन बनवलं. वाऱ्यावर भिरभिरं फिरतं तसं वाफेच्या झोताने पात्यांचं चाक फिरवायचं, ही त्याची कल्पना. पहिलं टर्बाइन अवघं साडेसात किलोवॉटचं होतं, पण मिनिटाला १८ हजार फेरे घेत होतं. लोकांना ते खेळणं वाटलं. मग पार्सन्सने एक नामी शक्कल लढवली. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवात इंग्रजी आरमाराचं संचलन चालू असताना त्याने आपली 'टर्बिनिया' ही टर्बाइनवर चालणारी छोटी बोट मध्येच घुसवली. आरमाराच्या जहाजांना ती काही हाती लागली नाही. त्यानंतर टर्बाइनला खेळणं म्हणण्याची कुणाची हिंमत झाली नाही. आजही जगातल्या प्रत्येक औष्णिक केंद्रात पार्सन्सच्या त्या भिरभिऱ्याचे वंशजच फिरताहेत.

भारतातही हे तंत्र लवकर आलं. १७ एप्रिल १८९९ रोजी कोलकात्याच्या इमामबाग लेनमध्ये वाफेवरचं वीज केंद्र सुरू झालं. मुंबईत १९०५ साली वाडी बंदरला कोळशाचं केंद्र उभं राहिलं आणि १९०७ साली त्याच विजेवर ट्राम धावू लागली. घोडे सुटले!

पण मुंबईपासून कोळशाच्या खाणी फार लांब. बंगाल-बिहारचा कोळसा इथवर आणायचा तर भाडंच भारी पडे आणि गिरण्यांच्या धुराने शहर आधीच काळवंडलेलं. जमशेटजी टाटांनी म्हणूनच सह्याद्रीतल्या पावसाकडे पाहिलं. त्यांच्या निधनानंतर, १९१५ साली खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. मुंबईला धूर न होता वीज मिळाली. रेल्वेने मात्र विजेच्या गाड्यांसाठी १९२९ साली ठाकुर्लीजवळ कोळशावरचं चोळा पॉवर हाऊस बांधलं. ऐंशीच्या दशकात बंद पडेपर्यंत त्याच्या चिमण्या लोकलमधून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या ओळखीच्या होत्या.

कुकरची थोरली बहीण

औष्णिक केंद्राच्या आत नेमकं घडतं काय? स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर आठवा. झाकण घट्ट बसलं की आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट होतो आणि पाणी १००ऐवजी १२० अंशांपर्यंत तापतं. म्हणून डाळ लवकर शिजते. दाब आणि तापमान जेवढं जास्त, तेवढं काम अधिक. वीज केंद्राचा बॉयलर हा या कुकरचाच कित्येक मजली उंच अवतार. २१० मेगावॉटच्या संचात वाफेचा दाब हवेच्या सुमारे दीडशे पट असतो, तापमान ५४० अंशांच्या घरात.

कोळसा आत जातो तो ढेकळांच्या रूपात नव्हे. गिरणीत दळून त्याची पिठासारखी पूड करतात आणि गरम हवेच्या झोताबरोबर ती भट्टीत फुंकतात. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९१८च्या सुमारास हा प्रयोग यशस्वी झाला आणि औष्णिक विजेचा नूरच पालटला. पूड वायूसारखी भडकून जळते, कोळसा कमी वाया जातो आणि भट्टी हवी तेवढी मोठी करता येते.

भट्टीच्या चारही भिंती म्हणजे पाण्याच्या नळ्याच. त्यातून निघालेली वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळते. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, त्याला जोडलेलं जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. काम करून थकलेली वाफ मग कंडेन्सरमध्ये थंड करून तिचं पुन्हा पाणी करतात. ते पाणी परत बॉयलरला.

ग्यानबाची मेख आहे ती इथे. वाफ थंड करायला दुसरं पाणी लागतं, तेही प्रचंड. कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता या पाण्यावाटे निघून जाते. दुरून दिसणारे डमरूच्या आकाराचे अजस्र मनोरे असतात ना, ते हे गरम पाणी थंड करण्यासाठी. त्यांच्या माथ्यावरून निघणारे ढग धुराचे नसतात, वाफेचे असतात. धूर निघतो तो उंच, सडपातळ चिमणीतून. मनोऱ्यांतून रोज उडून जातं ते नदीचं आणि धरणाचं पाणी! २०१५ साली केंद्र सरकारने जुन्या केंद्रांसाठी पाणीवापराची मर्यादा घालून दिली, ती मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर. म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. आपल्या त्या २०० युनिटच्या बिलात ७०० लिटर पाणीही आलं.

तीसपासून सहाशे साठपर्यंत

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, तेव्हा गावोगावी कंदील होते. मंडळाने कोळशाची केंद्रं उभारायचा सपाटा लावला. अकोल्याजवळच्या पारसला १९६१ साली ३० मेगावॉटचा संच आला. भुसावळला ६० मेगावॉटच्या आसपासचा, नाशिकजवळ एकलहऱ्याला १९७० साली १४० मेगावॉटचा. १९७१मध्ये परळी, १९७४मध्ये कोराडी. मग देशभर २१० मेगावॉटच्या संचांचा जमाना आला. मुंबईत टाटांच्या ट्रॉम्बे केंद्रात १९८४ साली ५०० मेगावॉटचा संच सुरू झाला, तो देशातला पहिला.

संच मोठा केला की प्रत्येक मेगावॉटमागे खर्च कमी येतो, कोळसाही वाचतो. पण मोठेपणालाही मर्यादा असते. पुढची झेप होती दाबाची. दाब हवेच्या सुमारे २१८ पट झाला आणि तापमान ३७४ अंशांपलीकडे गेलं, की पाणी उकळतच नाही. बुडबुडे न येता ते एकदम वाफेसारखं होतं. या 'सुपरक्रिटिकल' तंत्राचा पहिला व्यापारी संच १९५७ साली अमेरिकेत ओहायोतल्या फिलो इथे सुरू झाला. भारतात ते यायला २०१० उजाडलं. गुजरातेतल्या मुंद्र्याला ६६० मेगावॉटचा संच सुरू झाला. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला २०१२ ते २०१४ या काळात असे पाच संच उभे राहिले. नंतर कोराडीतही असे तीन संच आले.

अडीच-तीन टक्क्यांपासून सुरू झालेला प्रवास साध्या संचात ३५ टक्क्यांच्या आसपास आणि सुपरक्रिटिकल संचात ४० टक्क्यांच्या जवळ पोचला. जिथे पाच किलो कोळसा लागायचा, तिथे आता किलोभरही लागत नाही. इंजिनियर मंडळींचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण यातली मौज बघा. प्रत्येक युनिटमागे कोळसा कमी झाला, तसतशी वीज स्वस्त झाली, मागणी वाढली, केंद्रं मोठमोठी झाली. एकूण जळणारा कोळसा वाढतच गेला. आणि जाळण्याची जागा? ती ठरावीक गावांच्या वाट्याला आली.

चंद्रपूरची तार पडघ्याला

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा पूर्वापार ठाऊक होता. वरोऱ्याला इंग्रजी अमलातच खाण सुरू झाली होती. कोळसा वाहून मुंबईला नेण्यापेक्षा तो खाणीजवळच जाळावा आणि तारेवरून वीज न्यावी, हा हिशेब सरळ होता. चंद्रपूर शहराला लागून, दुर्गापूरच्या खाणींशेजारी महाऔष्णिक केंद्र उभं राहिलं. पहिला संच १९८३ साली सुरू झाला. ऑक्टोबर १९८४मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते केंद्राचं उद्घाटन झालं. १९९७पर्यंत २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचे तीन, असे सात संच झाले. एकूण २३४० मेगावॉट! २०१६ साली ५०० मेगावॉटचे आणखी दोन संच आले, जुने पहिले दोन निवृत्त झाले. आता क्षमता २९२० मेगावॉट आहे.

आणि ही वीज जाते कुठे? चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर लांबीची खास वाहिनी टाकली आहे. १९९९पासून चालू असलेली ही वाहिनी ५०० किलोव्होल्ट दाबाने एकदिश वीजप्रवाह नेते. एवढ्या लांबवर नेताना वीज कमी गळावी म्हणून ही तजवीज. वाटेतल्या शेकडो गावांच्या डोक्यावरून १५०० मेगावॉट वीज थेट पश्चिमेकडे नेण्याची तिची ताकद आहे. तंत्र म्हणून हे थक्क करणारं आहे. पण चंद्रपूरच्या माणसाला त्यात दिव्याखालचा अंधार दिसला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

केंद्राला पाणी मिळतं इरई नदीवरच्या धरणातून. त्याच धरणावर चंद्रपूर शहराचीही तहान भागते. मे २०१०मध्ये धरणाचा तळ दिसू लागला आणि केंद्रातले संच बंद करावे लागले. कोळसा शेजारी, यंत्रं ठणठणीत, पण वाफ करायला नि थंड करायला पाणी नाही! मराठवाड्यातल्या परळीवर तर २०१३च्या दुष्काळात हीच वेळ आली. खडका बंधारा आटला आणि अख्खं केंद्र थांबलं. ज्या तालुक्यात माणसं टँकरची वाट पाहत होती, तिथे वाफेसाठी पाणी आणायचं कुठून? पूर्ण भारावर चालणाऱ्या २९२० मेगावॉटला साडेतीन लिटरच्या हिशेबाने दिवसाला जवळपास साडेचोवीस कोटी लिटर पाणी लागतं. हा आकडा एकदा समोर ठेवला, की केंद्र आणि गाव एकाच धरणाकडे का डोळे लावून बसतात ते उमगतं.

पोतं रिकामं होतं तिथे

आता राखेकडे. भट्टीत जळालेल्या कोळशाची जड राख तळाशी पडते, हलकी राख धुराबरोबर चिमणीकडे निघते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, त्याच तत्त्वावर विद्युतभारित पत्रे ही राख वाटेतच पकडतात. यंत्रणा नीट चालली तर ९९ टक्क्यांहून अधिक राख अडते. उरलेला अंशही कमी नसतो, कारण रोज जळणारा कोळसाच हजारो टनांत मोजावा लागतो. औष्णिक केंद्राच्या गावातल्या गृहिणीला याची आकडेवारी सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात पापड-कुरडया गच्चीवर घालताना वर जुनं पातळ का पांघरायचं, हे तिला ठाऊक असतं.

पकडलेली राख पाण्यात कालवून नळांमधून राखेच्या तलावात सोडली जाते. १९९०च्या दशकात देशात दहा टक्के राखही वापरली जात नव्हती. १९९९ साली केंद्राने राख वापरण्याची सक्ती करणारी अधिसूचना काढली. आज सिमेंट, विटा, रस्त्यांचे भराव यांत ती वापरली जाते आणि देशभरातलं प्रमाण नव्वदीत पोचलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस, आवारपूरसारख्या ठिकाणच्या सिमेंट कारखान्यांना ती उपयोगी पडते. हे खरोखर चांगलं झालं. पण आधीच्या वर्षांची साठलेली राख तलावांतच आहे. जुलै २०२२मध्ये कोराडीच्या खसाळा इथल्या तलावाचा बांध मुसळधार पावसात फुटला. राखेचा चिखल शेतांत शिरला, नाल्यांतून नदीपर्यंत गेला.

धुराचं खातं आणखी निराळं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली, त्यात चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर आलं. १००पैकी ८३.८८ गुण! परीक्षेत असे गुण मिळाले तर पेढे वाटतात, इथे ते 'अतिगंभीर प्रदूषित' असल्याचे होते. यात एकट्या वीज केंद्राचा वाटा नाही. खाणी, सिमेंट, ट्रकची वाहतूक असं सगळं त्यात आहे. पण खाणी आणि केंद्र यांची गाठ पक्की आहे. धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याची अट २०१५ साली घातली गेली, मग मुदती वाढत राहिल्या आणि जुलै २०२५मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना या अटीतून सूट मिळाली. अतिप्रदूषित भागांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक घ्यायचं ठरलं. चंद्रपूर या दुसऱ्या गटात मोडतं.

जमीन देणाऱ्यांचं गाऱ्हाणंही जुनं आहे. ऑगस्ट २०२१मध्ये कायम नोकरीच्या मागणीसाठी काही प्रकल्पग्रस्त केंद्राच्या चिमणीवर चढून बसले. केंद्राने हजारो घरांना रोजगार दिला, बाजारपेठ वाढवली, वसाहत उभी केली, हेही तितकंच खरं. म्हणूनच 'केंद्र नको' असं इथला माणूस सहजासहजी म्हणत नाही. त्याला केंद्र हवं आहे आणि श्वासही हवा आहे.

दक्षिणेला कोवलम, उत्तरेला एन्नोर

ही गोष्ट फक्त विदर्भाची नाही. चेन्नईला गेलेली मराठी मंडळी महाबलीपुरमच्या वाटेवर कोवलमच्या किनाऱ्यावर हमखास थांबतात. केरळातलं नव्हे, हे तमिळनाडूतलं कोवलम. शहराच्या दक्षिणेला मासेमारीचं गाव, लाटांवर फळ्या घेऊन खेळणारी तरुण पोरं आणि स्वच्छ वाळू. २०२१ साली या किनाऱ्याला 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. त्याच शहराच्या उत्तर टोकाला, त्याच समुद्राच्या काठी एन्नोर आहे. तिथे १९७०पासून कोळशाचं केंद्र चाललं. ते २०१७ साली बंद झालं, तरी त्या पट्ट्यात नंतर आलेली मोठी केंद्रं चालू आहेत. खाडीत उतरणाऱ्या राखेमुळे मासळी गेली, ही तिथल्या कोळ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार. कोवलमचा कोळी आणि एन्नोरचा कोळी एकाच समुद्रात जाळं टाकतात. फरक पडला तो केवळ भट्टी कुठे बांधली गेली यामुळे.

हिशेब पुरा कधी होणार?

ज्या इंग्लंडमध्ये १८८२ साली कोळशाची वीज सुरू झाली, तिथलं शेवटचं कोळशाचं केंद्र, रॅटक्लिफ, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झालं. भारताला इतक्यात ते परवडणारं नाही. देशातली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज आजही कोळशातून येते. सूर्य मावळल्यावर लागणारे दिवे, रुग्णालयांतली यंत्रं, शेतातले पंप यांचा भार पुष्कळसा याच केंद्रांवर आहे. त्यामुळे चंद्रपूरच्या चिमण्या अजून बरीच वर्षं दिसत राहतील.

मग करायचं काय? उपाय काही आकाशातून पडायचे नाहीत. सांडपाणी शुद्ध करून केंद्राला वापरायचं, हे कोराडी-खापरखेड्यात नागपूरच्या सांडपाण्यावर होऊ लागलं आहे. तेवढं धरणाचं पाणी वाचतं. ताजी राख वापरायचं तंत्र जमलं आहे, आता जुने तलाव रिकामे करायला हवेत. गंधक धुणारी यंत्रणाही उपलब्ध आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो आणि तो शेवटी युनिटच्या दरातच येतो. खरी अडचण तिथे आहे. आपण स्वस्त म्हणून जी वीज वापरतो, तिच्यातला काही खर्च चंद्रपूरकर आपल्या फुफ्फुसांनी, परळीकर आपल्या रिकाम्या हंड्यांनी भरतो, म्हणून ती स्वस्त दिसते.

एका किलो कोळशातून जास्तीत जास्त वीज कशी काढायची, याचं उत्तर इंजिनियरांनी इतक्या वर्षांत शोधलं. त्या किलोची राख, धूर आणि पाणी कुणाच्या खात्यावर टाकायचं, याचं उत्तर त्यांच्या एकट्याच्या हाती नाही. ते आपल्यालाही द्यावं लागेल.

पुढच्या महिन्यात विजेचं बिल येईल, तेव्हा युनिटचा आकडा पाहा आणि त्याला चाराने भागा. दोनशेचे पन्नास, तीनशेचे पंचाहत्तर... कोळशाच्या विजेपुरती तेवढे किलो राख आपल्या नावे कुठेतरी पडली आहे. मग उठून, माणूस नसलेल्या खोलीतला पंखा बंद करा.